लंडन लिहिलेलं घड्याळ

आमचे घरमालक नाना मरगळे ताटावर बसले की आधी भाकरी उलटी करतात. पाठ बघतात, कड बघतात, मग विचारतात, "माल कुणाचा?"

नाना एकटेच राहतात, त्यामुळे ताट आमच्या घरचं असतं. भाकरी माझ्या बायकोनं, रेखानं, त्यांच्या डोळ्यांदेखत थापलेली असते. तरी प्रश्न ठरलेला. एकदा रेखाला ताप होता म्हणून शेजारच्या खोलीतल्या वहिनींनी आमच्या भाकरी करून दिल्या. आम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. नानांनी भाकरी उलटी केली आणि म्हणाले, "ही वाशिमची न्हाई. नांदेडची हाय. कडंला बोट जादा दाबलंय." मग ती अख्खी भाकरी खाल्ली, हात धुतले आणि जाता जाता निकाल दिला, "रिजेक्ट."

वाशिम म्हणजे मी. माझं नाव गजानन, पण इथं पुण्याजवळ पिरंगुटला ते फक्त आधार कार्डावर आहे. नानांच्या पत्र्याच्या पाच खोल्या आहेत आणि ते भाडेकरूंना जिल्ह्याच्या नावानं हाका मारतात. "ए बीड, नळ बंद कर!" "नांदेड, तुजं पोरगं पडलं बग!" चुकून माझ्या हातून बादली सांडली तर अख्ख्या वाशिम जिल्ह्याचा उद्धार होतो, त्यामुळे मी फार जपून वागतो.

नाना इथल्याच एका कंपनीत जन्मभर तपासणी खात्यात होते. तयार माल टेबलावर यायचा, नाना मोजायचे आणि पास की रिजेक्ट ते सांगायचे. रिटायर झाल्याला आता बरीच वर्षं झाली. पण टेबल गेलं तरी तपासणी थांबली नाही, ती गावभर पसरली. खिशात व्हर्निअर असतो. त्यानं ते दुकानदाराच्या बिस्किटाची जाडी मोजतात. नव्या घराचा गिलावा बघून कोणत्या गवंड्यानं मारला ते सांगतात, आणि पुढं त्याचं काय चुकलं तेही सांगतात. घरमालकानं विचारलेलं नसतं.

आणि लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. बसवर 'पौड' अशी पाटी असते. नाना ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन विचारतात, "कुटं चाललीया?" ड्रायव्हर म्हणतो, "आजोबा, लिहिलंय की वर." नाना म्हणतात, "लिव्हलंय म्हून काय झालं? लिव्हणाऱ्याचं काय जातंय?" तोवर बस निघून जाते. लग्नाची पत्रिका आली की तारीख खरी आहे का ते विचारायला नवरीच्या बापाला फोन करतात. एका बापाला त्या फोननं इतकी धास्ती बसली की त्यानं गुरुजींना उलटा फोन केला.

असा माणूस. ह्याच्यापायी माझा दीड वर्षाचा प्रत्येक रविवार गेला, आणि मी एकदाही नाही म्हणालो नाही. का, ते आधी सांगतो.

मी सातवीपर्यंत शिकलो. पुढं घरच्या बकऱ्या राखायला माणूस हवा होता. मोठा झाल्यावर पोटासाठी पिरंगुटला आलो तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं. खोली मागितली की लोक ओळखीचा माणूस मागायचे. ओळखीचा माणूस असता तर त्याच्याकडेच नसतो का राहिलो? नानांनी कागद मागितला नाही. माझे दोन्ही हात उलटे करून बघितले आणि म्हणाले, "माल कुणाचा?"

मला प्रश्न कळला नाही. मी घाबरून म्हणालो, "वाशिमचा."

"बाप काय करतो?"

"बकऱ्या राखतो."

नानांनी माझे हात सोडले. "मग ऱ्हा," म्हणाले.

तेव्हा मी कंपनीत खोकी उचलायचो. नानांनी रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून मला व्हर्निअर वाचायला शिकवलं. चुकलो की "रिजेक्ट", पुन्हा चुकलो की "वाशिम रिजेक्ट". सात महिने लागले. आज मी तपासणीच्या टेबलावर बसतो. शेजारच्या टेबलावरची मुलं डिप्लोमावाली आहेत. मला अजून रोज सकाळी वाटतं की आज कुणीतरी येऊन म्हणेल, "तू सातवी ना? ऊठ." अजून कुणी म्हणालेलं नाही. हे सगळं नानांमुळे, आणि नाना ते जाणून आहेत. म्हणूनच दर रविवारी सकाळी आमच्या दारावर थाप पडायची, "वाशिम, चल. घड्याळ."

घड्याळाची हकिगत अशी. नानांचे वडील मेंढपाळ. पौडच्या पुढच्या धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची मेंढरं असायची. जवळच एका इंग्रज साहेबाचा बंगला होता. साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्याचं खिशातलं घड्याळ गेलं, आणि त्याच सुमाराला नानांच्या वडलांकडे खिशातलं घड्याळ दिसायला लागलं. वडील सांगत राहिले, पुण्याच्या बाजारात दोन बोकड विकून घेतलं म्हणून. कुणी मानलं नाही. लिहिता-वाचता न येणारा मेंढका, त्याला घड्याळ कशाला? लोकांनी त्यांना चावडीवर उभं केलं. घड्याळ काढून कुणी घेतलं नाही, कारण परत द्यायला साहेब उरला नव्हता. घराण्याला मात्र 'घड्याळवाले' असं नाव पडलं. ऐकायला मानाचं, अर्थ चोर.

तो अर्थ जिवंत ठेवायचं काम चौकातल्या चहाच्या टपरीवर किसनअण्णा करायचे. नानांच्याच वयाचे, नानांच्याच गावचे. नाना दिसले की ठरलेली हाक, "काय घड्याळवाले, किती वाजलं लंडनला?"

कारण घड्याळाच्या तबकडीवर इंग्रजीत 'लंडन' असं लिहिलेलं आहे.

"माज्या बापानं सायबाच्या हातात बगितल्यालं," किसनअण्णा सगळ्या टपरीला सांगायचे, "अस्सल लंडनचं! सोन्याचं! न्हाईतर मेंढक्याला घड्याळ कशाला लागतंय रं? मेंढरास्नी शाळंला सोडायचं हुतं व्हय?"

टपरी हसायची. एरवी दुसऱ्याला एक वाक्य पुरं करू न देणारे नाना ह्या प्रश्नाला कधी उत्तर द्यायचे नाहीत. चहा अर्धा ठेवून उठायचे.

एके दिवशी मात्र ते उठता उठता म्हणाले, "तबकडीवर लिव्हलंय म्हून काय झालं? माल कुणाचा ते मी काडतो. लंडनचा न्हाई निघाला, तर तू हितंच सगळ्यांम्होरं म्हनायचं, मरगळ्याचा बाप चोर न्हवता."

"म्हनंन की! आन् लंडनचाच निघाला तर?"

तोवर नाना चौक ओलांडून गेले होते.

मला वाटलं, एका रविवारचं काम. घड्याळजीकडे जायचं, तो बघेल, सांगेल, आपण परत. कसलं काय!

पहिल्या घड्याळजीनं तबकडी बघितल्याबरोबर डोळे मोठे केले. "आजोबा, नशीब काढलंत! जुनं लंडन आहे. सोन्याचंही असेल." दुसरा कुणी खूश झाला असता. नानांनी घड्याळ खिशात टाकलं, "रिजेक्ट" म्हणाले आणि दुकानाची पायरी उतरले. मी त्या माणसाची माफी मागून मागोमाग पळालो. पुढं हे माझं कामच झालं. नाना पुढं रिजेक्ट करत जायचे आणि मी मागं माफी मागत.

दुसऱ्यानं पाठीमागचं झाकण उघडायला छोटी सुरी हातात घेतली. नानांनी घड्याळ असं झडप घालून ओढलं की माणूस दचकून मागं सरकला. "हात लावायचा न्हाई! वरनंच बगून सांगा."

"अहो, कारखान्याचा छाप आतल्या मशीनवर असतो. वरून कसं सांगणार?"

"मग तुमाला येत न्हाई म्हना की."

तिसरं दुकान एका बाईंचं होतं. वडलांचं दुकान त्या चालवत होत्या. साठीच्या, डोळ्याला भिंग लावलेल्या, बोलणं मोजून. त्यांनी घड्याळ हातात घेतलं आणि तबकडीकडे न बघता उलटं केलं. नानांची मान एकदम वर झाली.

"तबकडीवर लंडन लिव्हलंय," नाना मुद्दाम म्हणाले.

"लिहिलं असेल. दुकानदार सांगायचे ते नाव छापून यायचं. मी तिकडे बघतच नाही."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ह्या बाई त्यांनीच शिकवून तयार केल्या होत्या. मला वाटलं, सुटलो! पण बाई पुढं म्हणाल्या, "उघडल्याशिवाय सांगणार नाही. उघडू?"

नानांचा हात घड्याळावर गेला. "फुडच्या टायमाला," म्हणाले, आणि आम्ही निघालो. बसमध्ये मी विचारलं, "ह्याही रिजेक्ट का?" नानांनी खिशातलं घड्याळ चाचपलं. "न्हाई," म्हणाले. "बाई बऱ्या हायेत."

त्यानंतरही रविवार काही थांबले नाहीत. जुनी भांडी विकणाऱ्याकडे गेलो, घड्याळं जमवणाऱ्या एका वकिलाकडे गेलो. लवळ्याच्या कॉलेजातल्या एका मुलीनं रिक्षा स्टँडवर घड्याळाचा फोटो काढून मोबाईलमध्ये शोधला. ती बिचारी आनंदानं म्हणाली, "आजोबा, सेम टु सेम दाखवतंय! लंडन!"

"मोबाईलनं उघडून बगितलं व्हय?"

आणि मी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सगळ्या रिक्षावाल्यांसमोर ओरडलो, "तुम्हीतरी कुठं उघडून बघितलंय, नाना!"

ओरडलो खरा. खोली गेली, असंच वाटलं. नानांनी मला शिवी दिली नाही की वाशिमला नावं ठेवली नाहीत. चार दिवस ते आमच्याकडे जेवायला आले नाहीत. मी ओट्यावर उगीच खाकरून बघितलं, रेखाकरवी कालवण पाठवलं. ताट धुऊन परत यायचं, निकाल यायचा नाही. शेवटी मी रेखाला म्हणालो, "या माणसाला हवंय तरी काय? शोधायचं म्हणतात आणि उघडू देत नाहीत."

रेखा पीठ मळत होती. "उघडलं आणि लंडन निघालं तर?" ती म्हणाली. "तिकडं किसनअण्णा नुसते हसतील. इकडं ह्यांचा बाप जाईल."

जन्मभर दुसऱ्याचा माल उघडून बघणारा माणूस, आणि हे एक झाकण उघडायला भीत होता. माझ्या इतके दिवस ते ध्यानातच आलं नव्हतं. पाचव्या दिवशी नाना जेवायला आले, भाकरी उलटी केली. मी त्यांना पुन्हा काही विचारलं नाही. रविवारी निमूट बसमध्ये बसायचो.

मग किसनअण्णा वारले. झोपेतच गेले. नानांनी खांदा दिला. दहाव्याला घाटावर गेले, कावळा शिवेपर्यंत थांबले आणि तिथून डोकं पुसत थेट माझ्या दारात आले. वार मंगळवार. माझी दुसरी पाळी.

"चल वाशिम. उघडायचं."

"नाना, माझी पाळी आहे. आणि आता कशाला? ज्यांना दाखवायचं होतं ते तर..."

"म्हून तर उघडायचं. आता लंडनचं निगालं तरी हसनारा न्हाई."

मी सुपरवायझरला फोन केला, पोट बिघडलं म्हणून सांगितलं.  

बाईंनी आम्हाला ओळखलं. हात पुढं केला. नानांनी घड्याळ दिलं आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे धरले, जसं शाळेत धरायला लावतात. बाईंनी सुरीचं टोक फटीत घातलं. टक् असा आवाज झाला. नानांनी डोळे मिटले.

"पितळ आहे," बाई म्हणाल्या. "वर मुलामा होता, तो गेलाय."

नानांनी एक डोळा उघडला. "सोनं न्हाई?"

"छे, सोनं कुठलं."

"नक्की? परत बगा."

बाईंनी भिंग सारखं केलं. "मशीन स्विस. हा बारका पक्षी दिसतोय ना, हा कारखान्याचा छाप." त्यांनी कारखान्याचं नाव सांगितलं. ते मी कागदावर लिहून घेतलं, पण मला अजून धड म्हणता येत नाही. "ह्यांचा माल इकडे ढिगानं यायचा. माझ्या वडलांनी शेकड्यानं दुरुस्त केला असेल. आजोबा, वाईट वाटून घेऊ नका. पण लंडनचा ह्याच्याशी काही संबंध नाही."

"म्हंजी हलकं हाय?"

"साधं आहे."

"बाजारात मिळायचं?"

"बाजारातच मिळायचं."

नाना काउंटरवर वाकले. "दोन बोकडांत आलं आसतं का?"

बाईंनी भिंग काढून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. "बोकडांचा भाव मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण आलं असतं, असं वाटतं."

नाना हसले. मी त्यांना हसताना क्वचित बघितलंय, त्यामुळे हे हसणंच आहे की दुसरं काही, ते मला आधी कळलं नाही. बाई त्यांची समजूत घालत होत्या, "अहो, जुनं आहे, जपून ठेवा," आणि नाना उपरण्यानं डोळे पुसत पुसत म्हणत होते, "भंगार हाय! पितळ हाय, बाई! लई उपकार झाले!"

आता एक गोष्ट. साहेबाला तरी कुणी पितळी घड्याळ लंडनचं म्हणून विकलं नसेल कशावरून, असं बसमध्ये माझ्या मनात आलं. तपासणीच्या टेबलावर बसून हीच सवय लागते. मी ते नानांना बोललो नाही आणि बोलणारही नाही. इथं लिहायला हरकत नाही. लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास नाही.

पिरंगुटला उतरल्यावर नाना ताडताड टपरीवर गेले. किसनअण्णांच्या बाकड्यावर कंपनीतली पोरं मोबाईल बघत बसली होती. कुणी बिहारचं, कुणी लातूरचं. नानांनी घड्याळ बाहेर काढलं, वर धरलं. एका पोरानं नम्रपणे विचारलं, "टाइम क्या हुआ, चाचा?"

नानांनी घड्याळ खिशात ठेवलं. मग जांब्याला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलाला फोन लावला. "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." चहा आला. नानांनी आज तो पुरा प्यायला, पण सावकाश, टपरीत येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत. त्यांच्या गावचं, त्यांच्या वयाचं कुणी आलं नाही.

संध्याकाळी ते आमच्या उंबऱ्यात येऊन बसले. माझी पाळी बुडाली होती, त्यात कंपनीतल्या पोरांनी मला टपरीवर बघितलं होतं, उद्या काय सांगायचं ह्या काळजीत मी होतो.

"वाशिम, तुजा बाप हाय न्हवं?"

"आहे की."

"लाव फोन."

मी लावला. माझा बाप फोनवर बोलतो ते गावाकडून पिरंगुटपर्यंत थेट ऐकू जावं अशा बेतानं. मी काही सांगायच्या आत नानांनी फोन घेतला.

"पाव्हणं, मी मरगळे बोलतोय, पिरंगुट. तुमच्या पोराचा घरमालक. ऐका. माज्या बापानं सायबाचं घड्याळ चोरलं न्हवतं."

 मग माझ्या बापाचा आवाज, "नाई चोरलं ना? बरं झालं, दादा. कोन म्हने चोरलं?"

आणि नानांनी सगळं सांगितलं. साहेब, चावडी, किसनअण्णा, पक्ष्याचा छाप. माझा बाप मधून मधून "असं" म्हणत होता. शेवटी त्यानं विचारलं, आणि मी कपाळाला हात लावला, "पन दादा, मेंढक्याले घड्याळ कायले पायजे होतं?"

मला वाटलं, संपलं. आता नाना उठणार.

नाना उठले नाहीत. फोन दोन्ही हातांत धरून म्हणाले, "कोकरासाठी."

"काय म्हन्ता?"

"आय मेल्यालं कोकरू आसतंय न्हवं, ते रातभर वरडतंय. माजा बाप घड्याळ फडक्यात गुंडाळायचा आन् त्येच्या पोटाशी ठिवायचा. टिकटिक ऐकून त्ये गप व्हायचं. मग..." नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग माजी आय गेली. तवा माज्या बी उशाला ठिवायचा. हे चावडीवर कसं सांगायचं वो? लोक आनिक हसलं आसतं."

रेखाचा हात पिठातच थांबला.

"यात हसाचं काय हाये?" माझा बाप तिकडून ओरडला. "बराबर केलं त्यायनं! पिलाले आईचं काळीज ऐकू येते ना पोटाशी. दादा, आमी तर पोतं गरम करून देतो, पन हे घड्याळाचं लय भारी हाये. किती दिवस ठेवा लागते? दूध कायनं पाजत होते?"

पुढं अर्धा तास दोघं कोकरांवर बोलले. माझी चौकशी माझ्या बापाला अगदी शेवटी आठवली. "पोरगं कसं हाये आमचं?" नानांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "थोडं रिवर्क हाय. बाकी माल चांगला हाय तुमचा."

मला वाटलं होतं, आता माझे रविवार मोकळे झाले. तसं काही झालं नाही. आता दर रविवारी सकाळी दारावर थाप पडते, "वाशिम, फोन." मी लावून देतो आणि माझाच फोन कधी परत मिळेल ह्याची वाट बघत उंबऱ्यात बसतो. नाना किल्ली देऊन घड्याळ शेजारी ठेवतात. आणि माझा बाप, ज्याचा मी एकुलता एक मुलगा, माझं "हॅलो" ऐकल्याबरोबर म्हणतो, "हाव, हाव, तू बरा अशीन. घड्याळवाले दादा हायेत का तिथं?"

त्या नावाला नाना लगेच ओ देतात.